काटे लावलेलं दार

बिदरच्या जुन्या गावात, चौबाऱ्याकडून खाली उतरणाऱ्या एका बोळात जुन्या दारा-खिडक्यांचं दुकान आहे. त्या दुकानात गजाच्या दोन खिडक्या आणि एक मोडकं कपाट यांच्या मधे रेवणसिद्धाच्या घराचं दार उभं होतं. सकाळचे अकरा वाजायचे होते. दाळमिलमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून, कानातली तुरीची धूळ रुमालानं पुसत तो सरकारी ऑफिसकडं निघाला होता. चार पावलं पुढं गेला आणि थबकला. आधी त्यानं मनाला समजावलं की अरे, निळा रंग म्हणजे काय, अर्ध्या बिदरची दारं निळीच असतात. मग मागं वळून नीट बघितलं. कडीखाली पत्र्याची चकती, तिच्यावर सत्त्याऐंशी. वरच्या फळीत ओळीनं तीन खिळ्यांची भोकं. ती भोकं त्यानं स्वतःच्या हातानं पाडलेली होती. "क्या होना, काका?" दुकानदार आतून ओरडला, आणि याचं धोतर-टोपी बघून मराठीवर आला, "कडुनिंबाचं हाय. वाळवी लागायची न्हाई, नातवाच्या नातवाला पुरंल. तुमच्या चौकटीचं माप काय?" आता सांगा, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? पन्नाशी उलटलेला माणूस, चार लोकांत उभं राहून बोलणारा, आणि त्याला आपल्या चौकटीचं माप सांगता येईना. चौकटच नाही तर माप कुठलं! "नुसतं बघायलोय," तो म्हणाला. "माप घिऊन या, मग बोलू," म्हणून दुकानदार आत गेला. रेवणसिद्धानं दारावर हळूच तळहात ठेवला. ऊन खाऊन दार चांगलंच तापलं होतं.

हे दार चिटगुप्प्याकडून बसच्या टपावर बसून आलं होतं. त्याचे अप्पा, म्हणजे वडील हणमंतप्पा, गावातलं सगळं सोडून बिदरला दगड फोडायला आले तेव्हा बांधावरचा एक कडुनिंब तेवढा त्यांच्या वाट्याचा होता. तो पाडून त्यांनी दार करून घेतलं. म्हणजे घराच्या आधी दार! सहा महिने ते दार एका झोपडीला टेकवून ठेवलं होतं, कारण भिंत नव्हती. लोक हसायचे, हणमंतप्पाही हसायचा. गावाबाहेर तांबड्या दगडाची जुनी खाण होती, काम थांबलेली, त्या खड्ड्यात हळूहळू दोनशे घरं झाली आणि तिला खाणवस्ती हे नाव पडलं. अप्पा संध्याकाळी ओट्यावर बसला की खड्ड्याच्या काठावरून दिसणाऱ्या बुरजाकडं बोट करायचा. "ते बघ," म्हणायचा, "किल्ला, कमानी, वेशी, समदं ह्याच तांबड्या दगडाचं. दगड निघाला कुठनं? असल्याच खड्ड्यातनं. काढणाऱ्याला काय मिळालं? खड्डा!" आणि खो खो हसायचा, दगडाच्या धुळीनं भरलेल्या छातीतून खोकला येईपर्यंत. रेवणसिद्धाला लहानपणी ते ऐकून मजा वाटायची. आता दारावर हात ठेवून उभा असताना वाटलं, अप्पा हसत होता ते हसणं नव्हतंच. सुलतान गेले, निजाम गेला, जिल्हा इकडून उचलून तिकडं ठेवला, बोर्डावरची अक्षरं बदलली. पण वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण, याची यादी करणारा एक माणूस प्रत्येक राज्यात असतोच. त्याची टोपी तेवढी बदलते. आणि त्या माणसापुढं उभं राहून 'मी आतला' असं म्हणायची पाळी ज्याच्यावर येते, तो कायमचा बाहेरचाच.

तो चालायला लागला. उशीर होत होता. आज त्याला एका कागदाची नक्कल मिळायची होती, आणि त्या कागदावर सगळं अडून बसलं होतं. खाणवस्तीवरून रस्ता काढायचं ठरलं तेव्हा घरोघर पाहणी झाली. ज्यांची घरं यादीत आली त्यांना बिदरबाहेर कारखान्यांच्या वसाहतीत, कोळारच्या पलीकडं पक्की घरं मिळाली, खाली-वर मिळून तीन मजले, नळ आत. यादीत शहाऐंशी होतं, अठ्ठ्याऐंशी होतं. सत्त्याऐंशीपुढं एकच शब्द होता: रिकामे. रेवणसिद्धाला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक असेल. घरात माणसं जेवायलीत, झोपायलीत, आणि घर रिकामं? त्यानं अर्ज केला. अर्जाचं उत्तर येईपर्यंत घरं पाडायचं मशीन आलं. त्या दिवशीसुद्धा तो ऑफिसातच होता, हातात अर्ज धरून, रांगेत. संध्याकाळी परत आला तेव्हा सत्त्याऐंशीच्या जागी तांबडा ढीग होता आणि दारं-पत्रे कोणीतरी ट्रकात भरून नेले होते. त्याची बायको शिवलीला पातेली छातीशी धरून बसलेली, आणि ऐंशीला टेकलेली त्याची अव्वा, म्हणजे आई, शिवम्मा, ढिगाकडं पाठ करून कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत होती. झाडही दुसऱ्या दिवशी गेलं. तेव्हापासून ते कोळारला गोदामांच्या मागं पत्र्याच्या एका खोलीत राहत होते, आणि तेव्हापासून एकच उत्तर: पंचनाम्यात घर रिकामं आहे, पंचाची साक्ष आहे. कोणाची साक्ष, ते कोणी सांगत नव्हतं. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. इथं चार वर्षं गेली.

पण साक्ष कोणाची, ते रेवणसिद्धाला माहीत होतं. गुंडेरावाची. गुंडेराव म्हणजे शेजारचा, अठ्ठ्याऐंशी नंबर. भिंतीला भिंत. औरादकडचा शेतकरी गडी, वीस वर्षं त्यांच्या ओट्यावर तंबाखू मळलेला. पाहणीच्या वेळी तो घरी होता, आणि शिवम्मा त्याला उठताबसता शिव्या घालायची. "गुंड्या मेला, त्याच्या जिभेला हाड न्हाई. नको ते बोलला त्या मानसापुढं." आणखी कोणता पुरावा पाहिजे? त्यात गुंडेरावाला घर मिळालं, दुसऱ्या मजल्यावर. रेवणसिद्धानं त्याचं तोंड बघणं सोडलं. एकदा गुंडेराव स्वतः कोळारच्या खोलीवर आला होता, हातात हुरड्याची पिशवी. दारातच उभा राहून म्हणाला, "रेवण्णा, मी काय बी वंगाळ सांगितलो न्हाई रे. तुज्या अव्वाला इचार एकडाव." रेवणसिद्धाचं डोकंच फिरलं. "म्हातारीला कामून मधी वढायलास?" म्हणून त्यानं पिशवी रस्त्यावर फेकली. हिरवे दाणे मातीत सांडले. गुंडेराव वाकला, ते वेचायला लागला, मग तसाच उठून गेला. गेल्या संक्रांतीला तो वारला. रेवणसिद्ध मातीला गेला नाही. आज नक्कल हातात आली की सोमवारच्या मुदतीत तो वरच्या साहेबाकडं अपील करणार होता, की मेलेल्या माणसाची खोटी साक्ष हाय, आणि त्याचा स्वार्थ होता. मेलेल्याला कोण विचारणार? हे सगळं त्यानं मनात दहादा जुळवलं होतं. तरी दुकानातल्या त्या तीन भोकांनी आज सकाळीच सगळं ढवळून टाकलं. भोकं म्हणजे काटे. काटे म्हणजे ते तीन महिने. त्या तीन महिन्यांचा विचार तो शक्यतो करत नसे.

घर पडायच्या दीडएक वर्ष आधी, उन्हाळ्यात अप्पा गेला. त्याला बसवून माती दिली, कपाळाला विभूती, तळहातावर लिंग, सगळं रीतीप्रमाणं झालं. घरी येऊन हातपाय धुतले आणि अप्पाची बहीण, रुद्रम्मा आत्या, उंबऱ्यावर बसून बोटांवर नक्षत्रं मोजायला लागली. "पंचकात गेलाय रे माजा अण्णा. पंचकात गेलेला एकटा जात न्हाई. पाच घिऊन जातोय." त्यावर उपाय एकच, सगळ्या मुलखाला माहीत असलेला: तीन महिने घर सोडायचं, कुलूप घालायचं, दाराला काटे लावायचे. रेवणसिद्ध हसला होता. हो, हसला होता! बसव जयंतीला खाणवस्तीच्या मंडपात दरवर्षी कोण बोलायचं? हाच. 'गळ्यात लिंग बांधलं त्याला वाईट दिवस नसतो, वाईट घडी नसते, पंचांग हा भित्र्यांचा धंदा आहे,' असं म्हणून टाळ्या कोण घ्यायचं? हाच. अप्पा पुढच्या रांगेत बसून मान डोलवायचा. "आत्या, आपल्यात असलं न्हाई," तो म्हणाला. आत्या म्हणाली, "तुज्या अप्पाला न्हाई. मरणाला हाय." त्यानं विधीला आलेल्या अय्यांकडं, म्हणजे जंगमांकडं बघितलं, त्यांनी 'नाही' म्हणावं म्हणून. अय्या म्हणाले, "तुमच्या मनाचं बघा." आता मनाचं काय बघायचं? आतल्या खोलीत त्याची लेक शैलश्री बसली होती. अफजलपूरहून बाळंतपणाला आलेली, आठवा महिना, भिंतीला टेकून पाय पसरून, सुजलेल्या पायांवर आपणच हात फिरवत. तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं आणि पोटावरचा पदर सारखा केला. बस. बसवण्णा, अप्पा, भाषणं, टाळ्या, सगळं एका बाजूला राहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच बोराटीच्या फांद्या तोडून आणल्या. वरच्या फळीत तीन खिळे ठोकले, फांद्या आडव्या बांधल्या. बांधताना अंगठ्यात काटा मोडला, तो पुढं आठ दिवस ठणकत होता. कोणी त्याच्या मानेवर सुरी धरली नव्हती. त्यालाच भीती वाटली. भीती वाटली आणि ती आपली आहे हे कबूल करायची लाज वाटली, म्हणून तो सगळ्यांना सांगत सुटला की आत्याचं मन मोडवत नाही.

आणि मग ते शिकवणं. कोळारला भाड्याच्या खोलीत आल्यावर आत्यानं आणखी एक सांगितलं होतं. घर सोडलंय तोवर ते आपलं म्हणायचं नाही. "न्यायला येणारा त्यो आधी इचारतोय, कोन हाय घरात म्हणून. कोणाच्याबी रूपानं येतोय, वळखू येत न्हाई. हाय म्हणलं की आत शिरला." शिवम्मेची तर खोड अशी, की ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला, भाजीवाल्याला, मीटर बघणाऱ्याला सांगायचं, "हे आमचं घर. माज्या मालकानं बांधल्यालं." कढीपत्त्याला पाणी घालायला ती दर दोन दिवसांनी टमटममधून खाणवस्तीत जायचीच, झाडाचं कोण मेलंय, म्हणायची, त्याला कामून उपाशी मारू. म्हणून रेवणसिद्धानं तिला पुढ्यात बसवलं आणि शाळेतल्या पोरासारखं घोकून घेतलं. "अव्वा, कोणी इचारलं, हितं कोण राहतंय?" "आमीच की." "न्हाई, अव्वा! कोणी न्हाई म्हणायचं." "कोणी न्हाई." "घर कोणाचं?" "ठाव न्हाई." "दोनदा इचारलं तर?" "कोणी न्हाई." "तीनदा इचारलं तर?" "आरं, तीनदा कोण इचारंल, बावळटा!" शिवलीला पदर तोंडात धरून हसत होती, शैलश्रीसुद्धा हसली, आणि ती हसली म्हणून त्यालाही बरं वाटलं. पोर झालं, मुलगा, साडेसहा पौंड, किंचाळत आला. तीन महिने झाल्यावर त्यांनी काटे काढले, अय्यांचे पाय धुतले, घर उघडलं. आतमध्ये एक उंदीर मेला होता, बाकी सगळं जागच्या जागी. चुलीवरच्या फळीवर अप्पाचा चष्मासुद्धा. आता तो नातू साडेपाच वर्षांचा आहे, अफजलपूरला उसाच्या ट्रॅक्टरमागं पळतो. त्याला बघितलं की दर वेळी रेवणसिद्धाच्या मनात एक घाणेरडा हिशेब उभा राहतो: काटे लावले नसते तर हा असता का? असता, असं डोकं म्हणतं. पण 'असताच' असं छातीवर हात ठेवून म्हणायला तो कधी धजला नाही.

ऑफिसात नकला देणाऱ्या टेबलावर पल्लवी नावाची मुलगी होती, भालकीकडची, मराठी बोलणारी. चार वर्षांत हाच एक माणूस त्याला भेटला होता जो 'बसा' म्हणायचा. "बसा काका. आली तुमची नक्कल," ती म्हणाली आणि तिनं दोन पानं पुढं सरकवली. कागद कन्नडमध्ये होता. दोन्ही लिप्या त्याला येत होत्या, पण आज अक्षरं लागेनात. त्यानं चष्मा पुसला आणि बोट ठेवून वाचायला घेतलं. घर नंबर सत्त्याऐंशी. दाराला कुलूप. दारावर काटेरी फांद्या. मग गुंडेरावाचं नाव आलं. सापडलास! पण पुढचं वाक्य भलतंच होतं. शेजारी गुंडेराव यांनी सांगितले की घरमालक येथेच राहतात, घरात मृत्यू झाल्याने रिवाजाप्रमाणे तीन महिन्यांसाठी बाहेर गेले आहेत, परत येणार आहेत. त्यानं ते पुन्हा वाचलं. राहतात. येणार आहेत. खाली लिहिलं होतं: परंतु ओट्यावर हजर असलेल्या वृद्ध महिलेस तीन वेळा विचारले असता, घरात कोणी राहत नाही, घर कोणाचे ते ठाऊक नाही, असे तिने तिन्ही वेळा सांगितले, व शेजाऱ्यास खोटे बोलू नको म्हणून दटावले. सबब घर रिकामे. त्याखाली जांभळ्या शाईचा एक अंगठा, आणि अंगठ्याशेजारी नाव: शिवम्मा. नुसतं शिवम्मा. नाव विचारलं तर काय सांगायचं, ते त्यानं शिकवलंच नव्हतं. बिचारीनं खरं सांगितलं.

पंखा फिरत होता. कोणीतरी मागून म्हणत होतं, सरका की काका. त्या अंगठ्यात मधोमध एक आडवी चीर होती. विळीवर कापलेली, रेवणसिद्ध दहा वर्षांचा असतानाची. चिंध्या जाळून राख लावली होती तिनं तिला, आणि त्याच हातानं भाकरी थापली होती. "काका, एक सांगू का?" पल्लवी आवाज खाली करून म्हणाली. "तुमचे बाकीचे कागद चांगले हायत. लाइटबिलं हायत, चकतीचा नंबर हाय. अडलंय ते ह्या बाईपाशी. सोमवार शेवटचा दिवस हाय अपिलाचा. ह्या बाईला शोधा आन साहेबापुढं उभी करा. मी चुकीचं सांगितले, घर ह्यांचंच हाय, एवढं तिनं तोंडानं म्हणलं की काम होतंय. तुमच्या वस्तीतलीच आसंल की कोणीतरी. वळखता का हिला?" रेवणसिद्धानं तिच्याकडं बघितलं. ती खरंच मदत करायला बघत होती. लेकीच्या वयाची पोर. "ठाव न्हाई," तो म्हणाला. आपल्याच तोंडून ते शब्द निघालेले ऐकले आणि कागद खिशात घालून तो उठला.

बाहेर दुपारचं ऊन होतं. कोणत्या रस्त्यानं चाललोय ते त्याला कळत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, हे एकच वाक्य डोक्यात घण घालत होतं. मातीत सांडलेले हुरड्याचे दाणे दिसत होते. तो वाकलेला माणूस दिसत होता, त्याच्या टोपीखालची पांढरी मान. 'तुज्या अव्वाला इचार,' म्हणाला होता. एवढंच म्हणाला होता. पुढचं बोलला असता, तिनंच सांगितलं म्हणाला असता, तर सुटला असता, नाही बोलला. चार वर्षं शिव्या खाल्ल्या आणि जाऊन मातीत निजला. आता कोणाचे पाय धरायचे? आणि राग तरी कोणावर काढायचा? अव्वावर? तिनं तर गुरुजींनी सांगितलेलं म्हणून दाखवलं. गुरुजी कोण? आपलाच दात, आपलेच ओठ. यादी करणारा माणूस वाईट होता असंही नाही. तीनदा विचारलं त्यानं! दुनियेत कोणता सरकारी माणूस तीनदा विचारतो? चालता चालता तो पुन्हा त्याच बोळात आला. दाराची जागा मोकळी होती. "गेलं की," दुकानदार म्हणाला. "एक जण शेळ्यांच्या गोठ्याला घिऊन गेला. माप बरोबर बसलं त्याचं. चकती तेवढी काढा म्हणला, दुसऱ्याचा नंबर कशाला. घ्या, तुमी सकाळी हात लावून बघायलेलाव." त्यानं ती पत्र्याची चकती रेवणसिद्धाच्या हातात ठेवली. आकड्यांवर रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. दर दिवाळीला दार रंगवून झालं की शिवम्मा ओल्या चिंधीनं तो आकडा पुसून काढायची, लांबून दिसला पाहिजे म्हणून.

कोळारला उतरला तेव्हा मिलचा भोंगा झालेला. पत्र्याच्या खोलीत शिवलीला भाजी निवडत होती, आणि शिवम्मा दाराशी पोत्यावर बसली होती, डोळे बारीक करून उजेडाकडं तोंड करून. तिला आता माणसांचे आकार तेवढे दिसत. "आला का?" ती म्हणाली. "त्या गुंड्याचं काय झालं? मेला तरी त्याच्या जिभेला हाड न्हाई." तो तिच्यापुढं उकिडवा बसला. तिला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. सोमवारचं त्याच्या डोक्यात होतं. तिला टमटममध्ये बसवायचं, जिना चढवायचा, साहेबापुढं उभं करायचं. एक वाक्य, बस्स. त्या एका वाक्याला दोन खोल्या आणि आतला नळ होता. म्हातारपणी शिवलीलेला हंडे उचलायला लागणार नाहीत. त्यानं चकती तिच्या हातात दिली. तिनं ती बोटांनी चाचपली, आकड्यांच्या उंचवट्यावरून चीर पडलेला तो अंगठा फिरवला, आणि तिचा चेहरा उजळला. "आमचा आकडा," ती म्हणाली. "कुठं गवसला रे?" "अव्वा," तो म्हणाला, "काटे लावल्यालो तवा कोणी मानूस आल्ता का, कागद घिऊन?"

"आल्ता की!" ती म्हणाली, लगेच, जणू तो कालच येऊन गेला. "तुला सांगितले न्हाई कामून ठाव हाय का? असलं सांगू न्हाई, फिरून येतंय. गोरागोमटा व्हता, पायात बूट. आज्जी, आज्जी करून लई गोड बोलायला. मी मनात म्हणले, शिवम्मा, हाच त्यो. कोण राहतंय म्हणला. कोणी न्हाई म्हणले. घर कोणाचं? ठाव न्हाई म्हणले. आन तो गुंड्या मधीच तोंड घालून, राहतेत की, येणार हायत की परत! आरं मेल्या, कुणाला सांगायलास, कळतंय का तुला? शैली तिकडं अवघडल्याली. मी वरडले त्याच्यावर. तीनदा इचारलं रे त्या मानसानं. तू म्हणल्यालास की न्हाई, तीनदा इचारलं तर? तीनदा इचारलं. माजी जीभ जड झाल्ती, आपल्याच घराला न्हाई म्हणायला. तरी तिन्ही डाव न्हाईच म्हणले." ती हसली. तोंडात दोनच दात राहिले होते. "मग अंगठा मागितला त्यानं. दिले. घे म्हणले मनात, माजा घे. म्हातारीचा घे आन जा, लेकराकडं बघू नको." तिनं चकती गालाला लावली, गार होती म्हणून असेल. "वाचलं का न्हाई पोरगं?"

रेवणसिद्धाच्या खिशात तो कागद होता. छातीवर, लिंगाच्या अगदी शेजारी. डोळे भरून आले, पण तिला दिसत नव्हते हे एक बरं होतं. "वाचलं, अव्वा," तो म्हणाला.

"मग!" ती म्हणाली. तिनं चकती पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी ओढून घट्ट केली आणि भिंतीला टेकली. शिवलीला हात पुसत जवळ आली होती. तिनं ऐकलं होतं की नाही, किती ऐकलं होतं, ते तिच्या तोंडावरून कळेना. "कागद मिळाला का?" तिनं विचारलं. "सोमवारी अपिलाला संगं कोणाला घिऊन जायचं हाय का?"

"कोणाला न्हाई," रेवणसिद्ध म्हणाला. "सोमवारी मिल चालू हाय."